ट्री सॅडल

* मचाण नव्हे. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची धनुष्यबाणाने शिकार करणारे कंबर-मांड्यांना बांधतात ती पट्ट्यांची झोळी. झाडावर चढताना बुंध्याभोवती एक दोर असतो. वर पोचल्यावर डोक्याच्या उंचीला दुसरा, म्हणजे ‘टेदर’, आवळून मगच पहिला सोडायचा. टेदरवरची प्रुसिक गाठ हाताने सरकते, भार पडताच आवळते. झोळीच्या दोन्ही बाजू जोडणारा ‘ब्रिज’ फार आखूड राहिला तर कंबर चिमटते, म्हणून प्रत्येक जण तो आपल्या अंगापुरता लांबवतो. बकलांना कापडी पट्टी गुंडाळणे ही नुसती हौस नव्हे: धातूचा खट्ट आवाज हरणाला पुरतो. आणि हरीण दिसताच शिकारी झोळीत लटकतच बुंध्याआड सरकतो, म्हणून त्याच्याबद्दल ‘लटकत राहिला’ असे म्हटले तर ते शब्दशः घ्यावे.