क्षीरसागर (आडनाव)

क्षीरसागर : महाराष्ट्रात सर्वदूर आढळणारे आडनाव. अर्थ सरळ आहे, दुधाचा समुद्र. पुराणांतला विष्णू याच सागरात शेषावर निजतो. देवदानवांनी घुसळला तोही हाच, आणि त्या मंथनाची एक खूण बीड जिल्ह्यात सांगितली जाते : निघालेले अमृत आणि धन्वंतरी विष्णूने परळी वैजनाथच्या लिंगात दडवले, अशी तिथली आख्यायिका आहे. महाभारतात दुधासाठी हट्ट धरणाऱ्या उपमन्यूला शिवाने क्षीरसागरच दिला. बहुतेक मराठी आडनावे गावावरून किंवा कामावरून पडली; हे त्यांत बसत नाही. ब्राह्मण, तेली, मराठा, बौद्ध अशा अनेक समाजांत ते चालते, म्हणून त्यावरून जात किंवा नातेगोते ताडू नये.

बीडमध्ये मात्र हे आडनाव उच्चारले की राजुरी (नवगण) गावचे घराणे डोळ्यांपुढे येते. केशरबाई क्षीरसागर, म्हणजे सगळ्यांच्या ‘काकू’, 1980, 1984 आणि 1991 मध्ये काँग्रेसतर्फे बीडमधून लोकसभेवर गेल्या. मराठवाड्यातल्या त्या काळच्या राजकारणात एका बाईने ही निवडणूक तीनदा जिंकणे साधी गोष्ट नव्हती, आणि घराण्याचा खरा पाया हाच मानायला हवा. बीडच्या के. एस. के. महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. पुत्र जयदत्त (‘अण्णा’) आमदार व मंत्री झाले, तर दुसरे पुत्र भारतभूषण बीडचे नगराध्यक्ष. 2019 च्या विधानसभा निवडणुकीत नातू संदीप यांनी राष्ट्रवादीकडून उभे राहून शिवसेनेत गेलेल्या जयदत्त यांना, म्हणजे सख्ख्या काकांना, हरवले. 2024 मध्ये संदीप यांच्यासमोर भारतभूषण यांचे पुत्र योगेश उभे होते. जागा संदीप यांनीच राखली. दोन्ही वेळा चुरशीत क्षीरसागरच असल्याने बीडकर त्यांना पहिल्या नावानेच ओळखतात.

जिल्ह्याबाहेर या नावाला वाङ्मयात मान मिळवून दिला तो समीक्षक श्रीकृष्ण केशव क्षीरसागर (1901–1980) यांनी. जन्म सातारा जिल्ह्यातील पाल येथे. ‘राक्षसविवाह’ ही त्यांची कादंबरी, ‘तसबीर आणि तकदीर’ हे आत्मचरित्र. 1959 च्या मिरज येथील मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. बीडच्या घराण्याप्रमाणेच राजकारणात असलेले राजेश क्षीरसागर कोल्हापूर उत्तरचे आमदार आहेत.