हिरवळ, यंत्र आणि तण

आपल्याकडे गवत कापायचे ते गुरांसाठी. पावसाळा सरला की माळावरचे गवत विळ्याने कापावे, भारे बांधावेत आणि उन्हाळ्याची बेगमी म्हणून ते रचून ठेवावे, हा आपल्या शेतकऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. गवत वाढावे म्हणून त्याला पाणी घालायचे, वाढले की कापायचे, कापलेले कुणाच्याही मुखी न घालता फेकून द्यायचे आणि पुन्हा पाणी घालायचे, हा उद्योग आपल्या आजोबा-पणजोबांना चमत्कारिक वाटला असता. पण याच उद्योगातून युरोप-अमेरिकेत एक मोठा यंत्रव्यवसाय उभा राहिला. त्याच्या इतिहासात कारागिराची बुद्धी आहे, मजुराचे हिरावलेले काम आहे, आणि ‘तण कशाला म्हणावे?’ हा आपल्या वाडीपर्यंत येऊन पोहोचणारा प्रश्नही आहे.

या इतिहासाचे एक आरंभीचे पान एका डोमिनिकन संन्याशाने लिहिले आहे. थॉमस अक्वायनसचे गुरू संत आल्बर्ट यांनी इ. स. १२६०च्या सुमारास वनस्पतींविषयी एक लॅटिन ग्रंथ सिद्ध केला. त्यात केवळ डोळ्यांच्या सुखासाठी हिरवळ कशी करावी, याची कृती आहे. जमीन खणून सर्व मुळे उपटून टाकावीत, ती सपाट करावी आणि तिच्यावर उकळते पाणी ओतावे. म्हणजे मातीत उरलेली मुळे आणि बीजे पुन्हा रुजणार नाहीत. नंतर बारीक गवताची ढेपळे आणून अंथरावीत, लाकडी मोगरीने ठोकावीत, पायांखाली तुडवावीत. मग हळूहळू केसांसारखे नाजूक पाते वर येते. हा अनुभवी माळ्याचा उपदेश आहे. आल्बर्ट हे पाहून, पारखून लिहिणारे निसर्गाभ्यासक होते. १९३१ साली त्यांना संतपद मिळाले आणि १९४१ साली निसर्गशास्त्रज्ञांचे आश्रयदाते म्हणून त्यांची घोषणा झाली. तणनियंत्रणाचा एक जुना लेखी उपाय त्यांच्या ग्रंथात आहे आणि तो निव्वळ पाण्याचा आहे, हे पुढील कथा वाचताना ध्यानात ठेवावे.

अठराव्या शतकात इंग्लंडमधील उमरावांच्या हवेल्यांभोवती हिरवळीचे विस्तीर्ण पट्टे पसरले. ती राखण्याची साधने दोनच होती: मेंढ्यांचे कळप आणि लांब दांड्याचा, वाकड्या पात्याचा मोठा विळा. उभ्याने, दोन्ही हातांनी फिरवायचा हा विळा ओल्या गवतावरच नीट चालतो. म्हणून दव सुकण्यापूर्वी, भल्या पहाटे मजूर एका ओळीत कापत जात; कापलेले गवत झाडूने गोळा करणारे त्यांच्या मागून येत. सारखी कापणी करायला मोठे कसब लागे. हात किंचित चुकला तर हिरवळीवर चंद्रकोरीसारखा ओरखडा उमटे. एवढे मजूर पोसणे धनिकांनाच परवडे. हिरवळ म्हणजे ज्या जमिनीतून धान्य काढण्याची गरज नाही अशी जमीन बाळगण्याचे ऐश्वर्य होते.

हे चित्र बदलले ते एका कापड गिरणीमुळे. ग्लॉस्टरशायर परगण्यातील स्ट्राउडचे खोरे लोकरी कापडासाठी प्रसिद्ध होते. विणून झालेल्या कापडावरची लव एका यंत्राने कातरली जाई. पाती बसविलेले एक रूळ कापडावरून फिरे आणि पृष्ठभाग गुळगुळीत होई. एडविन बियर्ड बडिंग (१७९६-१८४६) हा त्या भागातील एक कुशल यंत्रकारागीर. जे यंत्र कापडाची लव कातरते, ते जमिनीची लव का कातरणार नाही, असा विचार त्याच्या मनात आला. मागचे जड रूळ जमिनीवरून फिरते, दातेरी चाकांमार्फत ती गती पुढच्या पात्यांना कितीतरी पटींनी मिळते आणि खालच्या स्थिर पट्टीवर गवत कात्रीसारखे कापले जाते, अशी त्याची रचना. शेजाऱ्यांनी वेडा ठरवू नये म्हणून बडिंग रात्रीच्या अंधारात या यंत्राची परीक्षा घेई, असे सांगतात. जॉन फेराबी या कारखानदाराने भांडवल घातले आणि ३१ ऑगस्ट १८३० रोजी यंत्राला पेटंट मिळाले. गावोगावच्या सभ्य गृहस्थांना हे यंत्र स्वतः चालविण्यात करमणूक आणि आरोग्यदायी व्यायाम लाभेल, असा विश्वास बडिंगने पेटंटच्या मजकुरातच व्यक्त केला होता.

ही तारीख मात्र एकटी पाहून चालणार नाही. त्याच ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस केंट परगण्यातील शेतमजुरांनी मळणीयंत्रे फोडण्यास आरंभ केला. हिवाळ्यात हाताने मळणी करून मिळणारी मजुरी हाच त्यांचा आधार, आणि तोच यंत्राने काढून घेतला होता. पाहता पाहता दक्षिण इंग्लंडभर वणवा पसरला. ‘कॅप्टन स्विंग’ या कल्पित नावाने जमीनदारांना धमकीची पत्रे जात, म्हणून इतिहासात हे बंड ‘स्विंगचे दंगे’ या नावाने ओळखले जाते. सरकारने ते निष्ठुरपणे मोडले. एकोणीस जणांना फाशी झाली आणि पाचशेच्या आसपास माणसांना घरादारापासून तोडून ऑस्ट्रेलियाच्या वसाहतींत धाडण्यात आले. इकडे लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात बडिंगचे यंत्र दाखल झाले आणि विळा-झाडू घेतलेल्या सहा ते आठ माणसांचे काम ते एकटे करते, अशी ग्वाही तेथील मुकादमाने दिली. यंत्राची ती प्रशंसाच होती. त्या सहा-आठ माणसांचे पुढे काय झाले, हे मात्र ती सांगत नाही.

स्वतः बडिंगच्या पदरी तरी काय पडले? जमविता येणारा पाना सुधारण्याचे श्रेयही त्याला दिले जाते. पण १८४६ साली तो वारला तेव्हा तो धनवान झालेला नव्हता. त्याच्या यंत्राचा संसार मात्र वाढत गेला. इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने १८३२ पासून परवाना घेऊन ही यंत्रे बनविली. स्कॉटलंडमधील अर्ब्रोथ येथे अलेक्झांडर शँक्स यांनी १८४०नंतरच्या दशकाच्या आरंभी तट्टूने ओढायचे मोठे यंत्र काढले. हिरवळीवर खुरांचे वळ उठू नयेत म्हणून तट्टांच्या पायांत चामड्याचे बूट घालीत! पुढे लीड्सच्या थॉमस ग्रीन यांनी साखळीवर चालणारे, कमी आवाजाचे यंत्र आणले. हिरवळ स्वस्त झाली, तिच्यावर खेळ रंगू लागले. विम्बल्डनची पहिली टेनिस स्पर्धा १८७७ साली भरली, ती क्लबचा तट्टूने ओढायचा रूळ दुरुस्त करण्यासाठी पैसे उभे करावेत, या साध्या हेतूने. लँकेशायरमधील लेलँड गावच्या जेम्स समनर यांनी १८९३च्या सुमारास वाफेवर चालणारे गवतयंत्र बनविले. त्यांच्याच उद्योगातून पुढे लेलँड मोटर्स ही कंपनी वाढली. आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या अशोक लेलँडच्या मालमोटारींच्या नावात त्या गावाचे नाव आजही वाचावयास मिळते.

विसाव्या शतकात ही कथा अटलांटिकपलीकडे गेली. वेस्ट व्हर्जिनियातील बेंजामिन ग्रेव्हली हा पेशाने छायाचित्रकार. मोटारसायकलचे भाग जुळवून त्याने मागून चालत हाकायचा लहान मोटार-नांगर तयार केला आणि १९१६ साली त्याचे पेटंट मिळविले. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांसाठी शहरांबाहेर घरांच्या रांगा उठल्या आणि घरापुढे हिरवळ हा नागरिकत्वाचा जणू दाखला झाला. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाऊन वसाहतीत १९४७ पासून सतरा हजारांहून अधिक घरे बांधली गेली. उन्हाळी मोसमात आठवड्यातून एकदा गवत कापलेच पाहिजे, असे तेथील नियम सांगत. कृष्णवर्णीयांना तेथे राहू देऊ नये, अशीही अट तेथील करारांत होती. अंगणातील गवताची आणि शेजारच्या माणसाची निवड एकाच कठोर हाताने केली गेली.

याच काळात बागेचा लहान ट्रॅक्टर जन्मला. इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे पाँड पितापुत्रांनी १९४६ साली घरच्या गॅरेजात बनविलेला ट्रॅक्टर पुढे ‘व्हील हॉर्स’ या नावाने गाजला. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा ‘कब कॅडेट’ १९६१ साली, तर जॉन डिअरचा ‘११०’ १९६३ साली बाजारात आला. पोटाखाली गवत कापणारी पाती, मागे नांगर वा गाडी, हिवाळ्यात पुढे बर्फ सारणारे फळे, अशी या छोट्या यंत्राची बहुविध चाकरी.

या यंत्रांवर जीव जडलेली माणसे आजही भेटतात. ब्रिटनमध्ये जुन्या गवतयंत्रांच्या शौकिनांनी १९९० साली आपला क्लब काढला. अमेरिकेत जुने ट्रॅक्टर गोठ्यांतून, भंगारातून उचलून पुन्हा चालते करणारे पुष्कळ आहेत. काम चिकाटीचे असते. जखडलेल्या सिलिंडरात तेल सोडून दट्ट्या सुटेपर्यंत दिवसचे दिवस वाट पाहावी लागते. कार्बोरेटरमध्ये गोठलेल्या इंधनाचा राळेसारखा थर असतो, तो खरवडून काढायचा. ठिणगी देणारे पॉइंट घासून स्वच्छ करायचे. गंजलेला भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून विजेच्या मंद प्रवाहाने गंज सोडवायचा. त्या काळच्या बीडाच्या एकसिलिंडरी इंजिनांत प्रत्येक भाग उघडता येतो, झिजलेला बदलता येतो. कारागिराने दुसऱ्या कारागिरावर ठेवलेला तो विश्वासच होता. मोडले की टाकून द्या, अशी शिकवण देणाऱ्या बाजारात हा विश्वास जपणे म्हणजे जुनाटपणा नव्हे.

आता तणाकडे वळू. शतकानुशतके तण काढायचे ते हाताने, खुरप्याने. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिका येथे संशोधकांना २,४-डी हे रसायन गवसले आणि १९४५ साली ते बाजारात आले. वनस्पतींच्या वाढीच्या संप्रेरकाची ते नक्कल करते. रुंद पानांची रोपे त्यामुळे वेडीवाकडी वाढून मरतात, गवताला मात्र इजा होत नाही. हिरवळीच्या मालकांना हे वरदानच वाटले. पण एक घोटाळा झाला. क्लोव्हर या तीन पानांच्या रोपाचे बी तोवर गवताच्या बियांत मुद्दाम मिसळले जात असे. कारण आपल्या वालासारखे तेही मुळांच्या गाठींतून जमिनीला नत्र देते. परंपरा सांगते, की याच कुळातील तीन पानांची काडी हाती घेऊन संत पॅट्रिक यांनी आयरिश लोकांना त्रैक्याचे रहस्य समजाविले. हे रोपही औषधाने मरू लागले. औषध निवडक करता आले नाही, तेव्हा क्लोव्हरलाच तण ठरविण्यात आले! मग ते देत असलेले नत्र विकतच्या खताच्या पोत्यांतून आणावे लागले. पुढे याच रसायनाचा निम्मा वाटा असलेले मिश्रण व्हिएतनामच्या अरण्यांवर विमानांतून ओतले गेले. त्यातील दुसऱ्या रसायनात मिसळलेल्या डायॉक्सिन या विषाचे भोग तेथील जनतेने भोगले.

याचा अर्थ तण नावाची वस्तूच नाही, असा मात्र नव्हे. १९५५च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत आपण सर्वांनी पाहिले आहे. ते पिकाची जागा खाते, गुरे त्याला तोंड लावीत नाहीत, माणसाच्या कातडीला खाज आणि छातीला दमा जडतो. त्याच्यासाठी १९८४ साली मेक्सिकोतील एक भुंगेरा भारतात मुद्दाम सोडण्यात आला. तो त्याची पाने खातो. तरी गाजरगवत संपलेले नाही. फुलोऱ्यापूर्वी, हातमोजे घालून ते मुळासकट उपटणे, हा जुना उपाय अजूनही खरा ठरतो.

गाजरगवत तण ठरले ते त्याने माणसाचे आणि पिकाचे वाईट केले म्हणून. क्लोव्हर तण ठरले ते बाटलीतील औषधाला सोयीचे नव्हते म्हणून. आपल्या वाडीत बेणणी करणारी बाई खुरपे चालविण्यापूर्वी रोप बोटांनी चाचपते, भाजी कोणती आणि तण कोणते ते ओळखते, मगच ते उपटते. यंत्र आले, औषध आले, दोन्ही आपल्याही शेतात आणि अंगणात पोहोचले. त्यांना नाकारण्याचे कारण नाही. मात्र उपटण्यापूर्वी ओळखण्याचे ते तिचे काम त्यांच्यावर सोपवून मोकळे होता येणार नाही.