पिला हाऊस ते परळ

आमच्या शिराळा भागात जुनी माणसं ‘पिला हाऊसला जाऊन आलो’ म्हणत, तेव्हा ते नाव कुण्या शेटजीचं असावं असं वाटे. मूळ शब्द ‘प्ले हाऊस’. ग्रँट रोडला नाटकशाळा झाल्या आणि गावाकडून आलेल्या जिभांनी त्याचं पिला हाऊस करून टाकलं. इंग्रजी नाव असं आपल्या बोलीत घालून घ्यायला मुंबईची भीड वाटून चालत नाही.

आणि भीड का वाटावी? मराठी नाटक तरी कुठं मुंबईचं होतं? विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं ते सांगलीत, राजाच्या आश्रयानं. चिंतामणराव पटवर्धन १८५१ साली वारले, तो आश्रय गेला, तेव्हा पोटासाठी मंडळी घेऊन भावे बाहेर पडले. १८५३ साली ग्रँट रोडच्या नाटकशाळेत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. बोरघाटातून रेल्वे जायला अजून दहा वर्षं होती. म्हणजे घाट उतरून, पोटामागं, पडेल ते सोसत. पुढं आमची माणसं गेली ती अशीच. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली. नाटक आमच्याआधी तीनच वर्षं पोचलेलं!

गिरणगाव भरलं तसं तिथलं नाटकही वाढलं. परळला १९२२ साली दामोदर हॉल उभा राहिला, ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगचा. तिथं कामगारच नाटक करीत. पाळी सुटली की तालीम. नटी मात्र पैसे देऊन बाहेरून आणायची. साचाखात्यात दिवसभर यंत्रांच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय, त्यामुळं या मंडळींचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाई. पांढरपेशे समीक्षक त्याला भडक अभिनय म्हणत. म्हणोत बापडे.

आई मुंबईला एकदाच गेली, १९७७ साली, चुलत्याच्या लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत. मी सोबत होतो. आमच्या गावच्या यात्रेत तमाशा व्हायचा, पण घरंदाज बाईनं त्या कनातीकडं बघायचंसुद्धा नाही. रात्रभर ढोलकी ऐकू यायची आणि बायका आपापल्या घरात जाग्या. आईनं पन्नाशीपर्यंत खेळ असा कानांनीच पाहिलेला. चुलती म्हणाली, “चला वैनी, आज दामोदरला नाटक हाय.” आई म्हणाली, “बायकांनी?” चुलती हसली.

नंबराची खुर्ची, तिसरी घंटा, मग अंधार. आईनं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरलेले. सावकार रंगमंचावर आला आणि तिनं माझ्या कानाशी येऊन विचारलं, “ह्यो वरच्या आळीचा न्हवं?” होताच. सकाळी साचे चालवणारा, रात्री सावकार. त्यानं कुळाच्या बायकोला दम भरला तेव्हा आई मोठ्यानं म्हणाली, “तुझ्या आईला सांगते थांब!” पुढच्या दोन रांगा हसल्या. मध्यंतरात वडा खाताना ती गप्प होती. मग म्हणाली, “एवढ्या लांब यायचं व्हय ह्यासाठनं?” तक्रार होती की हिशेब, ते तेव्हा मला समजलं नाही.

१९८२ साली जानेवारीत दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. बहुतेकांना ती गिरणी पुन्हा दिसली नाही. खोल्या विकल्या गेल्या, खानावळी बंद झाल्या. गावाहून जाणाऱ्याला टेकायला जागा राहिली नाही, मग नाटक कुठलं? दामोदरही २०२३ साली पुनर्विकासासाठी बंद झालं.

वरच्या आळीचा सावकार बिऱ्हाड घेऊन गावी आला. दोन वर्षं नुसता पारावर बसून काढली. मग यात्रेत नाटक बसवायला तयार झाला, पण एका अटीवर: पुढची चार बाकं बायकांची. भावकीत कुरबुर झाली. एकानं वर्गणी परत मागितली, ती त्यानं लगेच देऊन टाकली. पहिल्या वर्षी त्या बाकांवर सात जणी बसल्या. आई मधल्या बाकावर होती, आणि शेजारणीला सांगत होती, “तिसरी घंटा झाल्याबिगर पडदा उघडत न्हाई.”