आधी माहिती, मग घर
(जमीन-घरांच्या व्यवहारातील लिखित शब्दाचा थोडा इतिहास)

आमच्या जमीन-घरांच्या व्यवसायात हल्ली एक शब्द सारखा कानावर येतो, 'लीड'. जो अजून गिऱ्हाईक झालेला नाही, पण ज्याने चौकशी केली आहे, आपला फोन नंबर ठेवून गेला आहे, अशा माणसाला आम्ही लीड म्हणतो. अशा चौकशा मिळाव्यात म्हणून तरुण मंडळी चौकाचौकांत फलक लावतात, नंबरांच्या याद्या विकत आणतात आणि दुपारी माणसाच्या वामकुक्षीच्या वेळी फोन करतात. एखादा जाणकार त्यांना सांगतो, "अरे, गिऱ्हाइकाच्या उपयोगाचे काही लिही. ते वाचून माणसे आपल्या पायाने येतील." हा सल्ला कुठून तरी परदेशातून आलेला नवा मंत्र आहे, असा बहुतेकांचा समज असतो. परदेशात तो जुना आहे हे खरेच. अमेरिकेतल्या जॉन डिअर या शेती अवजारांच्या कंपनीने शेतकऱ्यांसाठी 'द फरो' हे नियतकालिक १८९५ साली सुरू केले होते. परंतु आपल्या मराठी मुलखातही हा मार्ग शंभर वर्षांपूर्वी चोखाळला गेला आहे. आणि आपल्या छत्तीसगढात मराठी माणसांनी लिहिलेल्या शब्दावर जो विश्वास कमावला, त्याचीही या निमित्ताने आठवण करून द्यावी असे वाटते.

नांगर आणि मासिक

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा तो घ्यायला शेतकरी तयार नव्हता. लोखंडाने जमीन नासते, असा त्याचा समज होता. माल उत्तम, पण घेणाऱ्याच्या मनात शंका. अशा वेळी किंमत उतरवून काही उपयोग होत नाही, शंका फेडावी लागते. १९१० साली औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९२० साली, त्याच वाडीतून 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघू लागले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे वाचकांचे 'शंवाकि', त्याचे संपादक. कारखान्याचे गिऱ्हाईक, एजंट आणि कामगार यांच्याशी संबंध राहावा, हा त्याचा मूळ हेतू.

पण शंकररावांनी एक गोष्ट ओळखली होती. निव्वळ नांगराचे गुणगान असलेला अंक कोणी दुसऱ्यांदा हातात धरणार नाही. म्हणून त्यात उद्योगाच्या गोष्टी आल्या, स्वावलंबनाचे लेख आले, कथा आणि चित्रे आली. पुढे 'खबर' हा शब्द गळून ते नुसते 'किर्लोस्कर' झाले, त्याला १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' अशी भावंडे मिळाली. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरांतूनही हे अंक वाचले जात. ज्याच्या घरात दरमहा 'किर्लोस्कर' येत होते, त्याला पंप घ्यायची वेळ आली तर पहिले नाव कोणते आठवत असेल, हे सांगायला नको. आज ज्याला लीड म्हणतात, ते काम ते मासिक असे गाजावाजा न करता करीत होते.

गावदेवीची सोसायटी

नांगरापेक्षा घराचा व्यवहार कठीण. नांगर पसंत पडला नाही तर नुकसान एका हंगामाचे. घर चुकले तर आयुष्याची पुंजी जाते. म्हणून घराच्या बाबतीत माहितीचे मोल फार.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्तीच्या चाळींचे हाल साऱ्या जगाला दिसले आणि १८९८ मध्ये सरकारने मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने रस्ते पाडले, पुढे दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या. पण मध्यमवर्गीय नोकरदाराने घर घ्यायचे कसे, हा प्रश्न राहिलाच. त्याचे एक उत्तर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी शोधले. त्यांनी १९०६ साली आपल्या सारस्वत समाजासाठी पतसंस्था काढली होती, तीच पुढची शामराव विठ्ठल सहकारी बँक. १९०४ चा सहकारी कायदा फक्त पतपुरवठ्यापुरता होता. १९१२ च्या नव्या कायद्याने घरबांधणीसारख्या कामांनाही वाट मोकळी झाली. लगेच १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. आशियातली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून ती ओळखली जाते.

आमच्या व्यवसायाच्या दृष्टीने तिची मोठी शिकवण अशी की, तिथे घर घेणाराच संस्थेचा सभासद होता. नियम छापलेले, हिशेब सभेपुढे मांडलेला. जागा कोणाची, पैसा किती आणि देखभाल कोण करणार, हे प्रत्येकाला वाचून समजत होते. सभासदांना गोळा करण्याचे निम्मे काम या उघडेपणानेच केले असणार.

छत्तीसगढचे दोन मराठी

आता आपल्या गावाकडे येऊ. माधवराव सप्रे आणि वामन बळीराम लाखे ही नावे रायपूरकरांना शाळा आणि वस्तीच्या पाट्यांवरून रोज दिसतात. त्या पाट्यांमागची हकीगत मात्र आपल्या मुलांना सांगायची राहून जाते.

सप्रे यांचा जन्म १८७१ साली दमोह जिल्ह्यातील पथरिया गावचा. मातृभाषा मराठी, लेखन हिंदी. पेंड्रा येथे राजकुमाराला शिकविण्याच्या नोकरीतून वाचवलेल्या पैशांतून त्यांनी जानेवारी १९०० मध्ये 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले. रायपूरचे लाखे त्याचे प्रकाशक होते, तर रामराव चिंचोलकर सप्र्यांबरोबर संपादनात होते. तिघेही मराठी, मासिक हिंदी आणि वाचक छत्तीसगढचा. परमुलखात येऊन तिथल्याच भाषेत तिथल्या लोकांच्या उपयोगाचे लिहायचे, ही दृष्टी त्या काळात किती मोठी होती! मासिक तीनच वर्षे चालले. पैशाची ओढाताण होऊन १९०२ च्या अखेरीस ते बंद पडले. पण सप्र्यांच्या नावाचा दबदबा कायम राहिला. पुढे त्यांनी 'दासबोध' आणि लोकमान्यांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणले.

त्याच मासिकात १९०१ साली सप्र्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा छापून आली. हिंदीतली पहिली लघुकथा म्हणून काही अभ्यासक तिचे नाव घेतात. तिचा विषय आमच्या धंद्याचाच आहे. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवायचे असते. शेजारच्या गरीब विधवेची झोपडी आड येते. वकिलांच्या मदतीने तो कोर्टातून झोपडीचा ताबा मिळवतो. म्हातारी एक टोपली माती मागायला येते आणि टोपली उचलून द्यायला त्यालाच सांगते. टोपली त्याला उचलत नाही. एका टोपलीचे ओझे पेलत नाही, तर साऱ्या जमिनीचे जन्मभर कसे पेलणार, हे त्याच्या ध्यानात येते आणि तो झोपडी परत करतो. कागद जमीनदाराच्या बाजूने पक्के होते, तरी तो व्यवहार अन्यायाचा होता. जमिनीच्या व्यवसायात येणाऱ्या प्रत्येकाने ही दीड-दोन पानांची गोष्ट एकदा वाचावी असे मी आवर्जून सांगतो.

लाख्यांनी दुसरी वाट धरली. १९१३ साली रायपुरात सहकारी बँक उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे ऋणकोला वाचता येत नसे. बँकेचे पासबुक त्याच्या स्वतःच्या हातात आले. कर्जाच्या व्यवहारातला लिहिलेला शब्द सामान्य माणसाच्या मालकीचा झाला, तो असा.

राजधानी झाली तेव्हा

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले आणि रायपूर राजधानी. मंत्रालय जुन्या डी. के. हॉस्पिटलच्या इमारतीत थाटले गेले. २०१२ साली ते नव्या रायपूरला गेले. राजधानी आली तशा कचेऱ्या, बँका, कंपन्या आल्या आणि त्यांच्याबरोबर बदलून आलेली माणसेही. नागपूर, अमरावती, पुण्याकडची मराठी कुटुंबे घर शोधत चौबे कॉलोनी, समता कॉलोनी, सुंदरनगर पालथी घालू लागली. महाराष्ट्र मंडळात कोणी नवा चेहरा दिसला की पहिला प्रश्न, "भाड्याने पाहता की विकत?"

या मंडळींची खरी अडचण कागदांची होती. त्यांना सात-बारा आणि आठ-अ ठाऊक. इथे समोर येत बी-वन आणि पी-टू. फेरफाराला इथे नामांतरण. साठेखताला इकरारनामा, इसाराला बयाना. 'नजूल' म्हणजे सरकारी जमिनीचा पट्टा, हे अनेकांना सौदा ठरत आल्यावर कळे. शेतजमिनीचे तुकडे पाडून, डायव्हर्शन आणि नगर व ग्राम निवेश खात्याची मंजुरी नसताना विकलेल्या प्लॉटांचा तर सुळसुळाट होता. एका निवृत्त गृहस्थांनी भविष्य निर्वाह निधीची रक्कम अशाच एका प्लॉटात घातली. माहितीपत्रकावर बाग होती, चाळीस फुटी रस्ता होता. जागेवर धानाचे शेत होते आणि रस्ता दुसऱ्याच्या खात्यावर. पुढची अनेक वर्षे त्यांच्या पिशवीत त्याच कागदांची फाईल असे.

तेव्हा मी एक चार पानी पत्रक मराठीत तयार केले. डाव्या बाजूला महाराष्ट्रातला शब्द, उजव्या बाजूला इथला. ढोबळमानाने बी-वन म्हणजे आपल्याकडच्या आठ-अ सारखी खातेदाराची नोंद आणि पी-टू म्हणजे सात-बारासारखी खसऱ्याची नोंद, असे समजावून दिले. शेवटच्या पानावर बयाना देण्यापूर्वी विचारायचे दहा प्रश्न. विकायला असलेल्या एकाही प्लॉटचे नाव त्यात नव्हते. व्यवसायातले मित्र हसले, म्हणाले, "गिऱ्हाइकाला शहाणे करून पोट कसे भरणार?" झाले उलटेच. ते पत्रक एका हातातून दुसऱ्या हातात गेले, झेरॉक्स होऊन भिलाईला पोचले. येणारा माणूस दहा प्रश्न घेऊनच येई, त्यामुळे बोलणे मुद्द्याचे होई. ज्यांच्या कागदात खोट होती असे विकणारे माझ्याकडे येईनासे झाले, हा वरचा नफा. काही जणांनी पत्रक माझे वाचले आणि सौदा दुसरीकडे केला. तेही चालायचेच. त्यांनीच पुढे आपल्या मेहुण्याला, भाच्याला माझ्याकडे धाडले.

कायद्याने शब्दाला बांधले

लिहिलेल्या शब्दाने जसे गिऱ्हाईक येते, तसेच ते फसतेही. त्यामुळे कायद्याला त्यात पडावे लागले. मुंबईत मालकी हक्काच्या फ्लॅटची पद्धत रूढ झाली आणि गैरप्रकार वाढले, तेव्हा महाराष्ट्राने १९६३ साली ओनरशिप फ्लॅट्सचा कायदा केला. जमिनीचा हक्क, मंजूर नकाशे हे सारे बिल्डरने उघड करावे आणि नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ नये, असे त्यात होते. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. घरबांधणी ही 'सेवा' आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ साली स्पष्ट केले.

२००५ मध्ये नाइन्टीनाइन एकर्स आणि २००६ मध्ये मॅजिकब्रिक्स आले. दलालाच्या वहीतली यादी घरबसल्या दिसू लागली. माहिती वाढली, तशी खोटी माहितीही वाढली. अखेर २०१६ चा रेरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. ५०० चौरस मीटरहून मोठा किंवा ८ हून अधिक सदनिकांचा प्रकल्प नोंदणीशिवाय जाहिरात करून विकता येत नाही. करारापूर्वी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. दलालालाही नोंदणी करावी लागते. कलम १२ तर प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि नुकसान झाले, तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते, आणि घेणाऱ्याला माघार घ्यायची असेल तर सर्व रक्कम व्याजासह परत करावी लागते. 'जाहिरात' या शब्दाची व्याख्याही विस्तृत आहे. कोणत्याही माध्यमातली सूचना, पत्रक, प्रसिद्धी त्यात मोडते. आपल्या या स्मरणिकेतले पानभर रंगीत चित्रही त्यातून सुटत नाही! महाराष्ट्रात तर १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही सक्तीचा झाला.

तरुण मित्रांना दोन शब्द

या व्यवसायात नव्याने येणारी आपली मुले विचारतात, काय लिहू? माझे उत्तर साधे असते. गेल्या महिन्यात गिऱ्हाइकांनी तुला जे प्रश्न विचारले, ते वहीत उतरव आणि एकेकाचे उत्तर लिही. आपल्या वस्तीत पाणी कोणत्या महिन्यात कमी पडते, पावसाळ्यात कोणत्या गल्लीत साचते, ते लिही. दर सांगताना तो कधीचा, हे सांग. कायदा बदलला की जुना मजकूर काढून टाक. जे पटवारी किंवा वकिलाला विचारायला हवे, ते त्यालाच विचारायला सांग. आणि हे एक-दोन महिने करून थांबू नकोस, कारण घर घेणारा माणूस वर्ष-दोन वर्षे विचार करीत असतो. ज्या दिवशी त्याचा निर्णय होतो, त्या दिवशी त्याच्या कपाटात तुझा कागद असायला हवा.

घर घेणाऱ्या बंधू-भगिनींनाही विनंती. सुंदर चित्र पाहून हुरळू नका. रेरा नोंदणी क्रमांक पाहा, बी-वन आणि पी-टू मागा, जागेवर एकदा सकाळी आणि एकदा पावसात जाऊन या. जाहिरातीचे पत्रक फेकू नका, करारासोबत जपून ठेवा. वेळ आली तर तोच तुमचा पुरावा.

आपल्यापैकी बहुतेकांचे आजोबा-पणजोबा इथे परके म्हणून आले आणि इथलेच झाले. नव्याने येणाऱ्याला पहिले छप्पर मिळताना त्याची फसगत होऊ नये, एवढे तरी आपण जुन्या मंडळींनी पाहिले पाहिजे. विघ्नहर्ता सर्वांच्या वास्तूचे रक्षण करो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!