ओसरीवरचा सत्ताधीश

‘लॉबी’ हा शब्द मूळचा वास्तुरचनेतला. विधिमंडळाच्या सभागृहालगतची ओसरी, जेथे सभासद आणि बाहेरची माणसे एकमेकांस भेटू शकत, ती लॉबी. त्या ओसरीवर उभे राहून सभासदांची मने वळविण्याचा एक व्यवसायच एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत उदयास आला. न्यू यॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी हे त्याचे एक मोठे केंद्र, आणि थर्लो वीड हा तेथील अनभिषिक्त राजा.

वीडचा जन्म १७९७ चा. शिक्षण बेताचे, हडसन नदीवरील नावांवर पोऱ्या आणि मग छापखान्यात उमेदवार, अशी त्याची सुरुवात. १८२४ साली न्यू यॉर्कचे अध्यक्षीय निर्वाचक राज्याचे विधिमंडळच निवडीत असे. अ‍ॅडम्स व क्ले यांच्या अनुयायांची जूट जमवून वीडने संयुक्त यादीच्या मतपत्रिका गुपचूप छापून घेतल्या. राज्याच्या ३६ मतांपैकी २६ अखेर अ‍ॅडम्सला पडली. हा डाव खेळणारा त्या वेळी विधिमंडळात बसलेला नव्हता. पुढे १८२५ व १८३० च्या अधिवेशनांत तो सभासद झाला खरा, परंतु भाषणाचा त्याला मनापासून कंटाळा. १८३० मध्ये ‘ऑल्बनी ईव्हनिंग जर्नल’ हे पत्र हाती आले आणि सभासदत्वाचा मोह त्याने कायमचा सोडला.

१८३८ मध्ये त्याचा मित्र विल्यम स्युअर्ड गव्हर्नर म्हणून निवडून आला. तेव्हापासून नेमणुका आणि विधेयके या दोहोंची वाट वीडच्या दारावरून जाऊ लागली. पैसा तो स्वतःसाठी नव्हे, पक्षासाठी जमवितो, असे त्याचे चाहते सांगत; देणाऱ्याला मात्र त्या भेदाशी काय कर्तव्य?

१८६० च्या वसंतात न्यू यॉर्क शहरातील घोड्यांच्या ट्रामगाड्यांचे परवाने देणारी विधेयके ऑल्बनीस आली. गव्हर्नर मॉर्गन वीडच्याच पक्षाचा. तरीही त्याने ती नाकारली. विधिमंडळाने तो नकार झुगारून ती मंजूर केली. परवान्यांच्या मोबदल्यात स्युअर्डच्या अध्यक्षीय प्रचारासाठी द्रव्य मिळणार, असा बोभाटा झाला. ‘ईव्हनिंग पोस्ट’चा संपादक ब्रायंट याच्यासारखे स्वपक्षीयही बिथरले.

मे महिन्यात शिकागोस पक्षाचे अधिवेशन भरले. पहिल्या फेरीत स्युअर्डला १७३½ आणि लिंकनला १०२ मते मिळाली. तिसऱ्या फेरीत लिंकन विजयी झाला. गुलामगिरीविषयी स्युअर्डची जहाल म्हणून झालेली ख्याती हेही पराभवाचे एक कारण होते. १८५४ मध्ये स्युअर्डला पत्र लिहून या जोडीशी भागीदारी मोडणारा होरेस ग्रीली तेथे विरोधात उभा होता. परंतु ऑल्बनीची दुर्गंधीही त्या सभागृहापर्यंत पोचली होती. ज्या मित्रासाठी वीडने तीस वर्षे ओसरी सांभाळली, त्याच्याच मार्गात ती आडवी आली. वीडला अश्रू आवरले नाहीत.

तरीही डिसेंबरमध्ये तो स्प्रिंगफील्डला लिंकनकडे गेला. मंत्रिमंडळात कोणास घ्यावे याविषयी दोघांची चर्चा झाली. स्युअर्ड परराष्ट्रमंत्री झाला. वीड त्या वेळीही कोणत्याच सभागृहाचा सभासद नव्हता.