लघुग्रह : शोध व उत्पत्तिविचार

मुख्यतः मंगळ व गुरू यांच्या कक्षांदरम्यानच्या पट्ट्यात सूर्याभोवती फिरणाऱ्या लहान घनरूप खगोलांना लघुग्रह म्हणतात. हे खगोल एखाद्या फुटलेल्या ग्रहाचे तुकडे आहेत की ग्रह बनू न शकलेले मूळ द्रव्य आहे, हा प्रश्न त्यांच्या शोधापाठोपाठच उपस्थित झाला. त्याच्या उत्तराचा शोध घेताना सूर्यकुलाच्या उत्पत्तीविषयीच्या कल्पनाही बदलत गेल्या.

शोध : ग्रहांची सूर्यापासूनची अंतरे एका सोप्या अंकश्रेणीत बसतात, असे जर्मन शास्त्रज्ञ टिटियस यांनी १७६६ मध्ये दाखविले व बोडे यांनी १७७२ मध्ये त्याचा पुरस्कार केला. या श्रेणीत २·८ ज्योतिषशास्त्रीय एकके (१ एकक = पृथ्वीचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर, सु. १४·९६ कोटी किमी.) या अंतरावरील जागा रिकामी होती. १७८१ मध्ये विल्यम हर्शेल यांनी शोधलेला प्रजापती (युरेनस) ग्रह श्रेणीशी जुळल्याने ती जागाही रिकामी नसावी, ही समजूत दृढ झाली. १८०० मध्ये फोन त्साख प्रभृतींनी राशिचक्राचे २४ भाग पाडून तेथील ग्रह शोधण्याची योजना आखली. परंतु १ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतील पालेर्मो येथे जूझेप्पे प्यात्सी यांना ताऱ्यांची यादी करीत असताना सीरीझ हा खगोल आढळला. सु. सहा आठवड्यांच्या वेधांनंतर तो सूर्यप्रकाशात दिसेनासा झाला. तेव्हा २४ वर्षांचे असलेले गणितज्ञ गौस यांनी या तुटपुंज्या वेधांवरून त्याची कक्षा काढली व तिच्या आधारे त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये तो पुन्हा सापडला. त्याचे सरासरी अंतर २·७७ एकके निघाले.

फुटलेल्या ग्रहाची कल्पना : १८०२ मध्ये ओल्बर्स यांना जवळपास तेवढ्याच अंतरावर पॅलस आढळला. एका जागी दोन ग्रह कसे, याचा उलगडा करण्यासाठी त्यांनी हे दोन्ही एका भग्न ग्रहाचे तुकडे असावेत, असे सुचविले. जूनो (१८०४) व व्हेस्टा (१८०७) यांच्या शोधांमुळे या कल्पनेला बळ मिळाले. पाचवा लघुग्रह ॲस्ट्रिया १८४५ मध्ये सापडला व नंतर संख्या वेगाने वाढली. १८६१ मध्ये मद्रास वेधशाळेत पॉगसन यांनी शोधलेला ‘एशिया’ हा आशिया खंडातून शोधला गेलेला पहिला लघुग्रह होय. १८९१ मध्ये माक्स व्होल्फ यांनी छायाचित्रणाचा अवलंब केल्यावर शोध अधिकच सुकर झाले.

कल्पनेवरील आक्षेप : ग्रह एकाच स्थळी फुटला असता, तर सुरुवातीस तरी सर्व तुकड्यांच्या कक्षा त्या स्थळी एकमेकींस छेदावयास हव्या होत्या, परंतु ज्ञात लघुग्रहांच्या कक्षांचा असा समान छेदबिंदू असल्याचा पुरावा मिळाला नाही. शिवाय पट्ट्यातील सर्व द्रव्य एकत्र केले, तरी ते चंद्राच्या वस्तुमानाच्या सु. ३ टक्केच भरते. ज्या श्रेणीमुळे शोध सुरू झाला, तीही १८४६ मध्ये सापडलेल्या वरुण (नेपच्यून) ग्रहाच्या बाबतीत चुकली. १८६६ मध्ये कर्कवुड यांनी दाखवून दिले की, ज्या अंतरांवर प्रदक्षिणाकाल गुरूच्या कालाच्या १/३, २/५ अशा साध्या अपूर्णांकाइतका असतो, तेथे लघुग्रह जवळजवळ नाहीत. तेथे गुरूचे आकर्षण ठराविक कालांतराने पुनःपुन्हा त्याच रीतीने कार्य करते व कक्षा अस्थिर होते. त्यामुळे पट्ट्याच्या रचनेतील गुरूचा वाटा स्पष्ट झाला.

ओल्बर्स यांच्या विचारात सत्यांश मात्र होता. १९१८ मध्ये हिरायामा यांनी समान कक्षांचे लघुग्रह-समूह ओळखले. असा प्रत्येक समूह एका मोठ्या लघुग्रहाच्या आघाताने झालेल्या विघटनातून उद्‌भवला आहे. लोह-अशनींच्या रासायनिक भेदांवरूनही त्यांचे जनक खगोल एक नसून अनेक होते, हे सिद्ध होते.

आधुनिक मत : कांट (१७५५) व लाप्लास (१७९६) यांच्या अभ्रिका-कल्पनेचे सुधारित रूप आज मान्य आहे. तीनुसार सूर्याभोवतीच्या वायू व धूळ यांच्या तबकडीत कण एकत्र येऊन ग्रहकण व त्यांपासून ग्रह बनले. लघुग्रह पट्ट्यात मात्र गुरूच्या प्रभावाने ग्रहकणांचे परस्परसापेक्ष वेग वाढले. टकरींत ते जुळण्याऐवजी फुटू लागले आणि बरेचसे द्रव्य बाहेर फेकले गेले. अशनींमधील सर्वांत जुन्या घन द्रव्याचे वय सु. ४५६·७ कोटी वर्षे असून तेच सूर्यकुलाचे वय मानतात. पृथ्वीवरील तितके जुने खडक वितळण्याने व झिजेने नष्ट झाले. लघुग्रहांत ते द्रव्य टिकून राहिले. म्हणूनच इटोकावा (२०१०), र्‍यूगू (२०२०) व बेनू (२०२३) या लघुग्रहांवरील नमुने अवकाशयानांनी पृथ्वीवर आणले. बेनूच्या नमुन्यांत अमिनो अम्ले व खाऱ्या पाण्याच्या बाष्पीभवनाने मागे राहिलेले क्षार आढळल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रह बनण्यापूर्वीच्या लहान खगोलांवरही पाणी व कार्बनी संयुगे होती, याचा हा प्रत्यक्ष पुरावा आहे.