आरशातली गाडी आणि मामाजींची जोडी

गेल्या शनिवारची गोष्ट. रात्रीचे साडेअकरा, पुण्यातला भाड्याचा फ्लॅट, ऑफिसचं रिलीज कसंबसं पार पडलेलं, आणि मी टेबलाला आवळलेलं स्टिअरिंग धरून 'असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने'मध्ये मॉन्झाच्या ट्रॅकवर. एकटा चालवत असलो की माझा लॅप 1 मिनिट 49 सेकंदांच्या आत बसतो. दहापैकी नऊ वेळा. पण ऑनलाइन शर्यतीत आरशात मागची गाडी मोठी दिसायला लागली, की तोच रस्ता, तीच गाडी, आणि मी सेकंदभर हळू! त्या दिवशी तर पहिल्या वळणाला ब्रेक उशिरा दाबला आणि थेट गवतात. नवव्या नंबरवरून एकोणिसाव्यावर.

चिडून स्टिअरिंग बाजूला ठेवलं आणि विचार करता करता एकदम मामाजी आठवले. आता हा संबंध कुठून आला ते सांगतो, जरा धीर धरा.

माझं आजोळ ब्रह्मपुरीच्या पुढे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा सगळा धानाचा आणि जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. (गडचिरोली 1982 मध्ये वेगळा जिल्हा झाला. आजीच्या लेखी तो अजूनही चांदाच.) दिवाळी झाली, धान कापून झाला की गावोगावी मंडई भरते आणि शंकरपट होतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: शंकरपट म्हणजे आमची बैलजोडीची शर्यत. मोकळ्या शेतात सरळ पट्टी आखतात, हलक्या गाडीला जोडी जुंपतात, आणि वर एक धुरकरी, म्हणजे हाकणारा. कुठे दोन जोड्या शेजारी-शेजारी सोडतात, कुठे एकेक जोडी घड्याळाविरुद्ध. काही सेकंदांत खेळ खलास. दिवसा पट आणि रात्री नाटक. लांबून आलेले लोक परत कशाला जातील, म्हणून रात्रभर नाटक, आणि त्यातूनच वडशाच्या नाटक कंपन्यांचा एवढा मोठा धंदा उभा राहिला.

मामाजींकडे पटाची जोडी होती. मी दहा-अकरा वर्षांचा असेन, तेव्हा त्यांच्याबरोबर पटाला जायचो. एकदा विचारलं होतं, शेजारी दुसरी जोडी असली की आपले बैल जोरात पळतात का? मामाजी म्हणाले, "बैल जोरात पयतेत बाबू, मानूस बिघडते."

हेच वाक्य सिद्ध करायला अमेरिकेतल्या लोकांना बरीच वर्षं लागली. :)

नॉर्मन ट्रिपलेट हा इंडियाना विद्यापीठातला माणूस, सायकल शर्यतींचा शौकीन. 1898 मध्ये त्याने सायकलपटूंच्या नोंदी घेऊन बसून हिशोब केला. एकटा घड्याळाविरुद्ध चालवणारा सगळ्यात हळू, पुढे कोणी वेग ठरवून देणारा असला की बराच जलद, आणि प्रत्यक्ष प्रतिस्पर्धी असले की सगळ्यात जलद. मग त्याने 40 मुलांना मासेमारीच्या गळाची रिळं फिरवायला लावली, कधी एकट्याने, कधी जोडीने. पुस्तकांत बहुतेक वेळा एवढंच सांगतात की स्पर्धेत मुलं जलद झाली. पण खरी गंमत त्याच्या तक्त्यात आहे: 20 मुलं जलद झाली, 10 जणांवर विशेष फरक पडला नाही, आणि 10 मुलं चक्क हळू झाली. हात आखडले, लय गेली. ती दहा मुलं म्हणजे मी!

पुढे रॉबर्ट झायन्सने 1965 मध्ये याची उकल केली. कोणी बघत असलं की अंगात जोर येतो, आणि तो जोर आपल्या सगळ्यात सवयीच्या हालचालीला मिळतो. काम सोपं असेल तर ती हालचाल बरोबर ठरते, अवघड असेल तर चुकीची. 1969 मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी हे झुरळांवर करून पाहिलं. (हो, झुरळांवर. पारदर्शक डब्यांत प्रेक्षक झुरळंसुद्धा बसवली होती.) सरळ वाटेवर प्रेक्षक असताना झुरळं जलद पळाली, वळणाच्या वाटेवर उलट हळू झाली.

आता पट बघा. पट्टी सरळ. बैलाचं काम एकच, पळणं. पण धुरकऱ्याचं काम सोपं नाही. दोन बैलांचा जोर सारखा ठेवायचा, गाडी पट्टीबाहेर जाऊ द्यायची नाही, आणि हे सगळं शेजारच्या जोडीकडे न बघता. मॉन्झाचं पहिलं वळण तेच आहे. 1984 मध्ये रॉय बाउमायस्टरने आर्केडमध्ये व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांवरसुद्धा हा प्रयोग केला. चांगला स्कोअर केलास तर एक गेम फुकट, असं सांगितलं, आणि लोक बिघडले. कारण त्याच्या मते, जी गोष्ट हात आपोआप करतात तिच्यावर आपण लक्ष ठेवायला लागतो. शनिवारी मी ब्रेक मारत नव्हतो, मी ब्रेक मारताना स्वतःकडे बघत होतो.

इथपर्यंत सगळं छान. पण इथे एक नको असलेली गोष्ट येते.

माझ्यावर दडपण आलं तर ते माझ्या पायात राहतं. फार तर गाडी गवतात जाते, आणि ती गाडी खरी नसते. पटात धुरकऱ्याला आलेलं दडपण पुढे जातं. तुतारी (म्हणजे पराणी, टोकाला आर असलेली काठी) बैलाच्या अंगात जाते, शेपूट पिरगाळलं जातं. मी ते पाहिलंय. मामाजीसुद्धा, इनाम मोठं असलं की, करायचे. त्यांनाच विचारलं असतं तर नाही म्हणाले असते.

1908 मध्ये यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांना विजेचे झटके देऊन शिकवलं. काम सोपं असताना झटका वाढवला तसे उंदीर लवकर शिकले, काम अवघड केलं की मध्यमच झटका बरा, जास्त दिला की शिकणं मंदावतं. दडपणाचा तो प्रसिद्ध उलटा यू आलेख याच प्रयोगाच्या नावाने ओळखला जातो. ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये तो दाखवतात, पण झटका कोणी दिला आणि कोणाला, हे सांगत नाहीत.

2011 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने खेळ-प्रदर्शनाला बंदी असलेल्या प्राण्यांत बैलाचं नाव घातलं. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने नागराजा खटल्यात जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती बंद केल्या. त्या निकालात बैलाची शरीररचना घोड्यासारखी पळण्यासाठी नाही हे आहेच, पण घाबरलेला बैल 'लढा किंवा पळा' या अवस्थेत जातो याचीही चर्चा आहे. म्हणजे मामाजी जे 'जोरात पयतेत' म्हणत होते, ते कोर्टाच्या दृष्टीने भीतीने पळणं होतं. मी तेव्हा अकरावीच्या उंबरठ्यावर होतो आणि कोर्टावर प्रचंड चिडलो होतो. निकाल वाचला कॉलेजात. वाचल्यावर पूर्वीसारखं चिडता येईना.

पुढचं थोडक्यात. 2017 मध्ये महाराष्ट्राने कायदा दुरुस्त केला, प्राण्याला यातना दिल्यास 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद. उच्च न्यायालयात ते अडकलं, 2018 मध्ये प्रश्न घटनापीठाकडे गेला. 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने कायदा वैध ठरवला. मधल्या काळात झाडीपट्टीत नाटकं चालू राहिली. दिवसाचा पट नाही, रात्रीचं नाटक आहे, अशी विचित्र मंडई मी पाहिली आहे.

मामाजींनी जोडी 2014 च्या पावसाळ्याआधीच विकली. शेतीला ट्रॅक्टर होता, नुसतं पटासाठी दोन बैल वर्षभर पोसणं परवडणारं नव्हतं. खुराक माणसापेक्षा महाग. त्यांनी कधी कोर्टाला शिव्या दिल्या नाहीत, पण पुढची सात वर्षं मंडईलाही गेले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मी सुट्टी काढून गेलो आणि त्यांना ओढून पटाला नेलं. नियमाप्रमाणे धुरकऱ्यांच्या हातात काठी नव्हती. नुसती आरोळी आणि दोरी. एक तरणा पोरगा सुटला, सुरुवात अप्रतिम, आणि अर्ध्यात शेजारच्या जोडीकडे मान वळवली. डावा बैल बाजूला ओढला गेला, गाडी पट्टीबाहेर. लोक हसले. मामाजी हसले नाहीत.

"हातात तुतारी असती तं त्यानं डाव्याले टोचलं असतं," मी म्हणालो.

"मीबी टोचलं असतं," ते म्हणाले, आणि पुढची जोडी कोणाची आहे ते बघायला पुढे सरकले.